बीएस 6 डिझेल गाडी पुण्यात कशी सांभाळायची

पुण्यात डिझेल गाडीवाल्यांकडून सध्या एक तक्रार हमखास ऐकू येते. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी पकडणाऱ्या गाळणीचा, लाइट लागला, सर्व्हिस सेंटरने मोठा खर्च सांगितला आणि ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, ‘काढूनच टाकू, कटकट नको.’ गाडी बहुतेक वेळा दोन-चार वर्षांचीच असते. खरं तर तिच्यात फारसं काही बिघडलेलंही नसतं. ती रोज हडपसर ते मगरपट्टा किंवा कोथरूड ते डेक्कन एवढीच धावत असते, आणि दुखणं तिथेच असतं.

बीएस 6, म्हणजे भारत स्टेज 6 या धुराच्या सरकारी नियमातलं डिझेल स्वच्छ असू शकतं, यावर माझा विश्वास आहे. पण धूर स्वच्छ करणारी यंत्रणा गाडीच्या पोटाखाली रोज काम करते, त्या कामाला तिला उष्णता लागते, आणि ती उष्णता मिळणार की नाही हे आपण गाडी कशी चालवतो यावर ठरतं. म्हणून हा लेख गाडी घेण्याआधीच्या हिशेबापासून सेकंडहँड गाडी तपासण्यापर्यंत, क्रमाने.

आधी गाडी कुठल्या नियमातली आहे ते बघा

आरसीवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर उत्सर्जनाच्या रकान्यात भारत स्टेज लिहिलेलं असतं. समोरच्या काचेवरचा नोंदणी स्टिकरही बघा: डिझेल गाडीचा तो नारिंगी असतो, आणि गाडी बीएस 6 असेल तर वरच्या कडेला हिरवी पट्टी असते.

2010 मध्ये बीएस 4 लागू झालं ते आधी फक्त 13 शहरांत. त्यात पुणे होतं आणि सोलापूरही. देशभर ते 1 एप्रिल 2017 पासून आलं. त्यानंतर सरकारने बीएस 5 ओलांडून थेट बीएस 6 आणलं, 1 एप्रिल 2020 पासून. डिझेल कारसाठी हा बदल फार मोठा होता. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली, म्हणजे 68 टक्के कमी. काजळीची 25 मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, म्हणजे 82 टक्के कमी. शिवाय कणांचं नुसतं वजन न करता ते मोजायलाही सुरुवात झाली. इंधनही बदललं. बीएस 3 च्या डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 350) चालायचं, बीएस 4 मध्ये 50, आता 10. गंधक इतकं खाली आणल्याशिवाय पुढची यंत्रणा टिकलीच नसती, म्हणून रिफायनऱ्या आणि इंजिनं दोन्ही एकदम बदलावी लागली.

तुमची गाडी 1 एप्रिल 2023 नंतर बनलेली असेल तर ती बीएस 6 च्या दुसऱ्या टप्प्यातली आहे. या टप्प्यात प्रयोगशाळेतल्या रोलरवर पास होऊन भागत नाही. गाडीच्या मागे फिरतं मोजणी यंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर चालवून तपासतात. याची गरज का पडली हे 2015 च्या सप्टेंबरमध्ये जगाला कळलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होत्या. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. भारतात या गाड्यांची तपासणी केली ती आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने, आणि त्यानंतर कंपनीने इथल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. 1966 पासूनची ही संस्था ज्या टेकडीवर आहे, तिथे आपण रोज फिरायला जातो. खडकीत किर्लोस्करांची आणि कोथरूडला कमिन्सची इंजिनं घडवत मोठं झालेलं हे शहर आहे. डिझेलबद्दल अर्धवट माहितीवर बोलणं आपल्याला शोभत नाही.

धुराच्या वाटेवर काय बसवलंय

डिझेल इंजिनाची एक मूळ अडचण आहे. आग जितकी गरम तितकी काजळी कमी, पण नायट्रोजन ऑक्साइड जास्त. आग थंड ठेवली की उलटं होतं. ईजीआर व्हॉल्व्ह थोडा जळका धूर पुन्हा इंजिनात सोडून आग थंड करतो, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतं आणि काजळी वाढते. ती काजळी मग पुढे कुठेतरी पकडावी लागते.

सायलेन्सरच्या वाटेवर पहिला येतो ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट. तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन संपवतो. त्यानंतर डीपीएफ. ही सिरॅमिकची जाळीदार वीट असते. तिच्या नळ्या आलटून-पालटून एका टोकाला बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. याशिवाय नायट्रोजन ऑक्साइडची वेगळी सोय. काही गाड्यांत त्यासाठी एलएनटी नावाचा साठवून ठेवणारा कॅटॅलिस्ट असतो, काहींत एससीआर. एससीआरमध्ये अ‍ॅडब्लू हे युरियाचं पाणी फवारतात. त्याचा अमोनिया बनतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ यांत रूपांतर होतं.

अडकलेली काजळी जाळून डीपीएफ मोकळा करणं म्हणजे रिजनरेशन, गॅरेजच्या भाषेत ‘रिजन’. हायवेवर धूर साधारण 250 ते 400 अंशांपर्यंत तापलेला असला की थोडी काजळी आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर दर काहीशे किलोमीटरला इंजिनाचा संगणक थोडं जास्तीचं डिझेल सोडून तापमान 600 अंशांच्या आसपास नेतो आणि दहा ते वीस मिनिटांत काजळी जाळून टाकतो. या वीस मिनिटांत तुम्ही सिग्नलला इंजिन बंद केलंत, किंवा ऑफिस आलं म्हणून गाडी लावलीत, की काम अर्धवट राहतं. असं लागोपाठ होत गेलं की लाइट लागतो.

डिझेल घ्यायचं की नाही

बहुतेक लोक फक्त अ‍ॅव्हरेज बघून ठरवतात. समजा डिझेल मॉडेल 1 लाख 20 हजारांनी महाग आहे. पेट्रोल गाडी लिटरला 12 देते आणि पेट्रोल 104 रुपये आहे. डिझेल गाडी 17 देते आणि डिझेल 91 रुपये आहे. किलोमीटरमागे साधारण 3 रुपये 30 पैसे वाचतात, म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला जवळपास 36 हजार किलोमीटर लागतील. अ‍ॅडब्लू, महाग ऑइल आणि जास्तीचा विमा धरला तर आणखी पुढे. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब करा.

पण माझ्या मते पैशांचा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा: आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर धावणार आहे का? कोल्हापूर, सातारा, नगर, मुंबई अशा फेऱ्या असतील, घाट असेल, सामान आणि माणसं भरून जायचं असेल, तर आजही डिझेलइतकं समाधान दुसऱ्या कशात नाही. रनिंग फक्त सिंहगड रोड, कर्वे रोड, विद्यापीठ चौक आणि हिंजवडीचा ट्रॅफिक एवढंच असेल, तर डिझेल घेऊ नका. सीएनजी, हायब्रिड, इलेक्ट्रिक, साधं पेट्रोल, काहीही चालेल. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल बंद केलं. रांजणगावला बनणारं फियाटचं 1.3 मल्टिजेट, जे कितीतरी छोट्या गाड्यांत होतं, तेही बीएस 6 बरोबर संपलं. छोट्या गाडीवर एवढी यंत्रणा बसवणं खर्चाला परवडेना, आणि छोट्या गाडीचा शहरातला वापर त्या यंत्रणेला मानवणारा नव्हता.

रिजन ओळखा आणि पूर्ण होऊ द्या

अनेक गाड्या रिजन चालू असल्याचं सांगत नाहीत. खुणा बघायच्या. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीच्या आठशेऐवजी नऊशे-हजारवर थांबतो. तात्काळ अ‍ॅव्हरेज एकदम घसरतं. स्टार्ट-स्टॉप काम करत नाही. आणि इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो, खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. हे दिसलं आणि शक्य असलं तर दहा मिनिटं पुढे चक्कर मारून या.

लाइट नसला तरी आठवड्याला एक लांब फेरी ठेवा. चौथ्या गिअरमध्ये 2000 ते 2500 आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटं. लोक इथे चुकीचं समजतात आणि गाडी शंभरच्या पुढे दामटतात. वेग नको, सलग भार हवा. ताशी 70-80 पुरे. पिंपरी-चिंचवडकरांना किवळ्याहून एक्स्प्रेस वेने तळेगावच्या पुढे जाऊन येणं सोपं. कोथरूड-वारजेकरांनी भल्या पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरच्या पुढे जावं. नवले पुलापासून बोगद्यापर्यंतचा चढ इंजिन छान तापवतो. येताना मात्र तोच उतार असतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की धूर थंड होतो आणि रिजन रेंगाळतं, त्यामुळे रिजन जाता-जाताच उरकेल असं बघा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रलवर मुळीच सोडू नका. त्या पट्ट्यात किती अपघात झालेत हे पुणेकरांना सांगायला नको. नाशिक रोडला या कामासाठी जाऊ नका, चाकणला अडकाल.

निघताना टाकी रिझर्व्हवर नको. इंधन कमी असेल तर बऱ्याच गाड्यांत रिजन सुरूच होत नाही. आणि फेरीनंतर लगेच पानशेत किंवा सिंहगड पायथ्याला वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. डीपीएफ तेव्हा इतका तापलेला असतो की गवत पेटू शकतं.

लाइट लागलाच तर

फक्त डीपीएफचा लाइट स्थिर पेटलाय, पिकअप नेहमीसारखा आहे: त्याच दिवशी वर सांगितलेली लांब फेरी करा, बहुतेक वेळा लाइट जातो. टाळाटाळ करत महिनाभर तशीच चालवलीत तर काजळी इतकी साठते की संगणक स्वतःच रिजन नाकारतो, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक तडकेल.

लाइट लुकलुकतोय, सोबत चेक इंजिन आहे, गाडी ओढत नाही: मग हायवेला नेऊ नका, सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे स्कॅनर लावून उभ्या गाडीत रिजन करता येतं. पण ते करण्याआधी आणि ‘डीपीएफच बदला’ या वाक्याला मान डोलावण्याआधी स्कॅनरवरचे आकडे मागा: काजळी किती ग्रॅम, राख किती, डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक किती, शेवटचं पूर्ण रिजन किती किलोमीटरमागे झालं. बिघाडाचा कोडही लिहून घ्या. पी2463 म्हणजे काजळी साठली. पी242एफ म्हणजे राख साठली. पी2002 म्हणजे डीपीएफ नीट गाळत नाहीये. चुलीतलं लाकूड जळून जातं पण राख उरतेच, तसंच इथेही आहे: काजळी रिजनने जाते, ऑइलमधून येणारी राख जात नाही. पी242एफ असेल तर हायवेवर कितीही फिरवलंत तरी उपयोग नाही. डीपीएफ उतरवून साफ करावा लागतो.

एक छोटीशी गोष्ट नक्की बघायला सांगा. डीपीएफच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या निघून एका सेन्सरला जातात, तोच दाबातला फरक मोजतो. या नळ्यांचा रबरी भाग उष्णतेने कडक होतो, तडकतो, कधी आत काजळी बसून बंद होतो. मग डीपीएफ ठणठणीत असूनही संगणकाला तो भरलेला दिसतो, किंवा खरोखर भरला तरी कळत नाही. बोटांनी दाबून, वाकवून बघितलं की तडा दिसतो. नळी बदलायचा खर्च आणि डीपीएफ बदलायचा खर्च यांची तुलनाच होत नाही. थर्मोस्टॅटही बघायला सांगा. तो उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही आणि रिजन सुरू होत नाही. टर्बोच्या पाइपची गळती, अडकलेला ईजीआर, ठिबकणारा इंजेक्टर, यांपैकी काहीही काजळी वाढवतं. मूळ कारण तसंच ठेवून नवा डीपीएफ बसवला तर तोही भरणारच.

ऑइल

डबा विकत घेताना त्यावर एसीईए या युरोपीय दर्जाचा सी2 किंवा सी3, म्हणजे पुस्तिकेत जे लिहिलंय तेच बघा. ही कमी राखेची ऑइलं आहेत. जुन्या डिझेलचं स्वस्त ऑइल टाकलंत तर त्याची राख डीपीएफमध्ये कायमची बसते.

डिपस्टिक महिन्यातून एकदा काढा. सपाट जागी, इंजिन थोडं थंड झाल्यावर. आपल्याला ऑइल कमी झालंय का बघायची सवय आहे; इथे वाढलंय का तेही बघायचं. रिजनसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल, रिजन अर्धवट राहिलं की सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, ऑइल बोटांवर पाण्यासारखं पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर सर्व्हिसची तारीख यायची वाट बघू नका. पातळ ऑइलने टर्बोचं बेअरिंग जातं.

अ‍ॅडब्लू

निळ्या झाकणाच्या टाकीत जातं ते हे: 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. डब्यावर आयएसओ 22241 लिहिलेलं हवं. खताचा युरिया पाण्यात कालवून घालायचा प्रयोग करू नका. त्यातल्या क्षारांनी नोझल आणि कॅटॅलिस्ट दोन्ही कामातून जातात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये डबा डिकीत ठेवू नका, तिशीच्या वरच्या तापमानात ते लवकर खराब होतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे खडे जमतात.

किती किलोमीटर उरलेत हे गाडी बऱ्याच आधीपासून सांगते. शून्यावर येऊ देऊ नका; बहुतेक गाड्या त्यानंतर एकदा बंद केल्या की पुन्हा सुरूच होत नाहीत. आणि पंपावर भरताना स्वतः खाली उतरा. अ‍ॅडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, किंवा डिझेल अ‍ॅडब्लूच्या, तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टो करून न्या. चावी फिरवली की पंप ते पुढे ढकलतो, आणि टाकी धुऊन भागणारं काम इंजेक्टरपर्यंत पोचतं.

पीयूसी काय सांगतं, काय सांगत नाही

बीएस 4 आणि बीएस 6 कारची पीयूसी वर्षभर चालते. डिझेलच्या चाचणीत इंजिन तापवून, अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून धुराचा काळेपणा मोजतात. बीएस 4 गाडीसाठी मर्यादा 1.62 आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी 2.45. धड चाललेली बीएस 6 गाडी शून्याच्या जवळ असते. रेसच न करता कागद देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. तुमच्याच गाडीची तब्येत कळायची ती एक संधी असते.

पण या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. एससीआर पूर्ण बंद पाडलेली गाडीही पीयूसीत आरामात पास होते. ‘पीयूसी आहे ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांबद्दल

डीपीएफ फोडून रिकामा नळकांडा परत वेल्ड करायचा, संगणकात त्याचा प्रोग्राम बंद करायचा, असं काम पुण्यात उघडपणे सुचवलं जातं. पिकअप वाढतो हे खरंही आहे. तरी ते करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी गमावण्याचा धोका वेगळा. पण माझ्या दृष्टीने कायदा हे दुसरं कारण आहे. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय, तंबाखूच्या धुराच्या गटात. तुमची गाडी लक्ष्मी रोडला उभी असते तेव्हा तिच्या सायलेन्सरच्या उंचीवर शेजारच्या बाबागाडीतलं मूल असतं, आणि मागच्या स्कूटरवाल्याला काच वर करता येत नाही. आपला त्रास वाचवायला तो त्यांच्या छातीत भरायचा हक्क कुणालाच नाही.

सेकंडहँड बीएस 6 डिझेल घेताना

एक पांढरं सुती फडकं खिशात ठेवा. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात ते बोटाला गुंडाळून फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचा पाइप आतून जवळजवळ कोरा असतो. फडक्यावर थोडी धूळ किंवा गंजाची तांबूस छटा येईल. काळीकुट्ट काजळी आली तर डीपीएफ तडकलाय किंवा काढलाय. मग गाडी लिफ्टवर चढवून डीपीएफच्या डब्यावर नवीन वेल्डिंगचा सांधा दिसतो का बघा.

मालकाला विचारा की गाडी रोज कुठून कुठे जायची. मीटरवर 20 हजारच आहेत म्हणून खूश होऊ नका. चार वर्षांत शहरातच झालेल्या 20 हजारांपेक्षा सोलापूर रोडवर झालेले 80 हजार मला जास्त विश्वासाचे वाटतात. सर्व्हिसच्या बिलांवर कुठलं ऑइल पडलं ते वाचा.

शेवटी स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावा. साधा स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि फोनवर चालतो. कोड नसणं पुरेसं नाही. विकणाऱ्याने आदल्या रात्री कोड पुसले असतील तर ‘रेडिनेस मॉनिटर’ या पानावर डीपीएफ, ईजीआर आणि नायट्रोजन ऑक्साइडच्या ओळींपुढे ‘अपूर्ण’ असं दिसतं, कारण गाडीला स्वतःची तपासणी पुन्हा करायला काही दिवसांचं रनिंग लागतं. असं दिसलं तर मालकाला गाडी आठवडाभर चालवू द्या, मग स्कॅनर परत लावा, आणि तोवर टोकन देऊ नका.